बिनसोयरिकीचा रेफ्री

वसईकडं जाऊन आलो असं सांगितलं की लोक किल्ल्याबद्दल विचारतात. मी किल्ला पाहिला नाही. समुद्र पाहिला, तोही एका घराच्या मागच्या दारातून, पोटात चार तळलेले बोंबील असताना. चार-पाच दिवसांत माझ्या वाट्याला आलं ते एवढंच: एक वाडी, एक मैदान आणि अकरा वर्षं रेफ्रींवर चिडलेला एक सभ्य माणूस. ज्यांना किल्ल्याची माहिती हवी असेल त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं.

मी कोल्हापूरचा, शाळेत चित्रकला शिकवतो. आमच्या पी.टी.च्या सरांचा गुडघा आठ वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून शाळांच्या फुटबॉल सामन्यांची शिट्टी माझ्या गळ्यात पडली. नियमांचं पुस्तक मी पाठ केलं आहे. मुख्याध्यापकांचा नातू खेळत होता तेव्हा त्यालाही मी बाहेर काढलं होतं. माझी शिट्टी सरळ आहे याचा मला अभिमान आहे, आणि घरात त्या अभिमानाला कोणी विचारत नाही.

गुरुवार, फुलपाडा

माझी धाकटी बहीण शोभा गेल्या वर्षी विरार पूर्वेला, फुलपाड्यातल्या नव्या इमारतीत राहायला गेली. "दादा, मे महिन्याच्या सुट्टीत ये, इथं फार मोकळं आहे," असं तिनं तीन पत्रांत लिहिलं होतं. मोकळं होतं हे खरं. नळही मोकळे होते. मी पोचलो त्याच संध्याकाळी खाली टँकरचा हॉर्न वाजला, आणि मेव्हण्यांनी, म्हणजे सुधीररावांनी, माझ्या हातातला चहाचा कप काढून घेऊन तिथं बादली दिली. पुढचा अर्धा तास मी तीन मजले वरखाली करत होतो. जिन्यात सावंतवाडीचे, कराडचे, परळचे असे सगळे भेटले आणि प्रत्येकानं "पाहुणे का?" असं विचारून मला वाट दिली. आमच्या पेठेत शेजाऱ्याची ओळख तीन पिढ्यांची असते, इथं ती तीन बादल्यांत होते. सहाव्या खेपेला मी ओल्या पायरीवरून घसरलो आणि गुडघा फोडून घेतला.

हळद लावताना सुधीरराव म्हणाले, "दादा, उद्या तुम्हाला निर्मळला नेतो. आमच्या ऑफिसातले हेडक्लार्क नाना राऊत आता रिटायर झालेत, त्यांची वाडी आहे तिकडे. एकदम शांत जागा. काही टेन्शन नाही."

शुक्रवार, निर्मळ

रुळांच्या पश्चिमेला गेलं की सगळं बदलतं. एस.टी.तून उतरल्यावर दोन्ही बाजूंनी केळी, मोगऱ्याचे वाफे, वांगी, पडवळाचे मांडव, आणि सायकलच्या कॅरिअरवर स्वतःपेक्षा मोठी टोपली बांधून निघालेली माणसं. आमच्याकडं ऊस सुरू झाला की तालुका संपेपर्यंत ऊसच असतो. इथं दहा पावलांवर पीक बदलतं, आणि कुंपणापलीकडून कोणीतरी "कोणाकडं?" असं विचारतंच. सुधीरराव "नानांकडं" म्हणाले की तो माणूस समाधानानं परत खाली वाकायचा.

नाना किडकिडीत, पांढऱ्या सदऱ्यातले, खिशाला अजून दोन पेनं. हेडक्लार्की त्यांच्या बोलण्यातून रिटायर झाली नव्हती. "सदर केळ राजेळी जातीचं आहे," असं ते मला झाडाकडं बोट दाखवून म्हणाले. आपसात मात्र ते आणि त्यांची बायको, म्हणजे काकू, त्यांच्या घरच्या बोलीत बोलत, आणि मला पाच शब्दांतला एक कळे.

काकूंनी जेवायला वाढलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकट, आणि शेवटी सुकेळी. ही सुकेळी आमच्याकडं मिळत नाहीत म्हणून सांगतो: राजेळी केळी सोलून उन्हात इतकी वाळवतात की ती तपकिरी, चिवट आणि खजुराहून गोड होतात, मग ती केळीच्याच सुक्या पानात बांधून ठेवतात. मी तीन खाल्ली.

"कोल्हापूरचे म्हणजे फुटबॉल पाहत असाल," नाना सहज म्हणाले.

"पाहतो काय, शिट्टी वाजवतो," मी म्हणालो. हे वाक्य तोंडातून गेलं नसतं तर मी किल्ला पाहून आलो असतो.

नानांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "वसई तालुक्यात तुमचं कोण?"

"ही बहीण, फुलपाड्यात. एक वर्ष झालं."

"ती सुधीरची बायको, आणि सुधीर कराडचा. ते धरत नाहीत. दुसरं कोणी? मामा, मावशी, साडू?"

"कोणी नाही."

"कोणाचं लग्न जमवलंय? कोणाच्या पोराला शिकवलंय?"

"मी कोल्हापुरात चित्रकला शिकवतो हो."

नाना उठले आणि आतल्या खोलीत गेले. तेवढ्यात काकूंनी मला सगळं सांगून टाकलं. विहिरीपलीकडं जे मैदान दिसत होतं ती यांचीच जमीन. सासऱ्यांनी केळीसाठी घेतलेली, नानांनी तिथं गोलपोस्ट उभे केले. दर मे महिन्यात स्पर्धा भरते, दर वर्षी फायनलला नानांचं तळ्याकाठ मंडळ आणि समुद्राकडचा बंदरपाडा समोरासमोर येतात, आणि अकरा वर्षं बंदरपाडाच कप नेतो. अकराही वेळा नानांच्या मते रेफ्रीनं हरवलं. गेल्या वर्षी तर त्यांनी लाउडस्पीकरवरून सगळ्या गावादेखत सांगून टाकलं की सरळ रेफ्री असताना हरलो, तर पोस्ट मी माझ्या हातानं उपटीन आणि त्या जागेत केळी लावीन.

"मी मुनवे आणून ठेवलेत," काकू म्हणाल्या. विहिरीच्या कडेला ओल्या गोणपाटाखाली केळीच्या कोंबांचा ढीग होता. "रेफ्री सरळ मिळायची वाट बघतेय. तुम्ही सरळ आहात ना?"

"आहे," मी म्हणालो.

"मग बरं झालं," म्हणत त्यांनी माझ्या पानात चौथं सुकेळं ठेवलं.

नाना लाल फीत बांधलेली फाईल घेऊन बाहेर आले. तिच्यात अकरा रेफ्री आणि प्रत्येकाचं कारण होतं. पहिल्याची बहीण बंदरपाड्यात दिलेली. दुसऱ्याचा साडू त्यांचा गोलकीपर. तिसरे एक फादर. "सदर फादरनी त्यांच्या चार फॉरवर्डांचा बाप्तिस्मा केलेला," नाना म्हणाले, "ते त्यांच्याविरुद्ध पेनल्टी कशी देणार?" चौथा तर तुमच्याच गावचा जावई होता ना, असं सुधीररावांनी विचारलं. "होता. पण त्या दिवाळीला त्याला बोलवायचं राहून गेलं होतं."

यंदाचा रेफ्री आदल्या दिवशीच रद्द झाला होता, कारण त्याच्या बायकोची मावशी बंदरपाड्यातली निघाली. फायनल रविवारी होती. मी नाही म्हणायला हवं होतं. पण आठ वर्षांत माझ्या सरळपणाची एवढी गरज कोणाला पडली नव्हती, आणि मी फुशारलो.

शनिवार, बंदरपाडा

रेफ्री दोन्ही बाजूंना पसंत पडावा लागतो. म्हणून दुसऱ्या दिवशी मला बंदरपाड्याला दाखवायला नेलं. मुलगी दाखवतात त्याच क्रमानं सगळं झालं. आधी पाणी, मग खुर्ची, मग मुळापासून चौकशी. त्यांचा मॅनेजर पास्कू, स्वतःची होडी असलेला, रुंद खांद्याचा माणूस. माजघरात येशूच्या तसबिरीखाली अकरा कप ओळीनं मांडलेले होते.

"तुमी कोन, कुठले, ते सुदीरनं सांगितलं," पास्कू म्हणाला. "मामा कुठले?"

"गडहिंग्लजचे."

"तिथं आमचं कोन नाय," त्यानं आत बायकोला विचारून खात्री करून घेतली. "आता खरं सांगा. काल नानाकडं काय खाल्लं?"

मी सुधीररावांकडं पाहिलं. माझा मेव्हणा सरकारी नोकरीत असूनही खोटं बोलू शकत नाही. "भाकरी, बिरडं, सुकट," तो म्हणाला, "आणि चार सुकेळी."

पास्कूनं मान हलवली. "मंग हितं पन तेवढंच खायला लागेल. नायतर आमची मानसं ऐकनार नाय."

आमच्याकडं रेफ्रीला जेवायचं कोणी विचारत नाही. सामना संपला की पोलीस त्याला मैदानाबाहेर काढतात आणि मग तो घरी जाऊन जेवतो. इथं दोन्ही बाजूंनी समसमान खाल्लं तर रेफ्री समसमान राहतो, असा हिशोब आहे. भाकऱ्या तितक्याच आल्या, कालवण वाटीच्या मापानं आलं, आणि चार सुकेळ्यांच्या बदल्यात चार तळलेले बोंबील. मोजायला नाना स्वतः स्कूटरवरून आले होते. ते ओट्यावर बसले, पाण्यालाही शिवले नाहीत, आणि माझ्या ताटाकडं बघत राहिले.

मी मटणाच्या मुलखातला माणूस. बोंबील हा मासा आहे की मासा व्हायचा राहून गेलाय, असं आधी वाटलं. बाहेरून कुरकुरीत, आत जीभ लागताच विरघळणारा. चार कधी संपले कळलं नाही. पास्कूच्या बायकोनं पाचवा पुढं केला आणि मी हात लांबवला.

"पाचवा नको," ओट्यावरून नाना म्हणाले. "सदर बाब आक्षेपार्ह ठरेल."

मी हात मागं घेतला. त्या बोंबलाचं मला अजून वाईट वाटतं. जेवण उतरावं म्हणून मागच्या दारात जाऊन उभा राहिलो तेव्हा समुद्र दिसला. फार छान होता.

परतताना मैदानावरून गेलो. नाना आमच्या आधी पोचून गोलपोस्टांना चुना लावत होते. उद्या जे स्वतःच्या हातानं उपटावं लागेल त्याला माणूस आज रंग देतो, हे पाहून मला कसंतरी झालं. पलीकडं काकू मुनव्यांवर पाणी शिंपडत होत्या. दोघंही एकमेकांकडं बघत नव्हती.

रविवार, नानांचं मैदान

चर्चमधली प्रार्थना, घरची मटणं-मासळी आणि दुपारची झोप आटोपून चारच्या सुमाराला लोक आले. कुंपणाला सायकली आणि स्कूटरी टेकलेल्या, बायका छत्र्या उघडून बांधावर बसलेल्या, बर्फाचा गोळेवाला गोलपोस्टाच्या नको तितक्या जवळ. बंदरपाड्यानं लग्नात वाजवतात तो बँड आणला होता, पितळी वाद्यांसकट.

नानांनी लाउडस्पीकर हातात घेतला. "सदर रेफ्री कोल्हापूरचे आहेत. त्यांना इथं कोणी नाही." हे त्यांनी अशा गंभीर आवाजात सांगितलं की बांधावरच्या दोन-तीन बायका माझ्याकडं कळवळून बघू लागल्या.

शिव्यांच्या बाबतीत एक फरक सांगायला हवा. कोल्हापुरात रेफ्रीला शिवी देतात ती थेट देतात, तिला पुराव्याची गरज नसते. वसईत रेफ्रीची शिवी म्हणजे सोयरिकीचा प्रश्न असतो. "कोणाचा जावई रे तू?" ही इथली सगळ्यात झोंबणारी हाक. माझ्या पहिल्या शिट्टीला एक म्हातारा सवयीनं "कोणाचा जावई" असं ओरडला, आणि आपणच ओशाळून खाली बसला. माझा सासरा सांगलीचा, त्याचं इथं कोण काय करणार.

सामना चांगला झाला. माझा गुडघा ठणकत होता तरी मी प्रत्येक चेंडूमागं पळालो. मध्यंतरापर्यंत गोल नाही. दुसऱ्या भागात बंदरपाड्यानं कॉर्नरवरून डोक्यानं गोल मारला. इतका स्वच्छ गोल की तळ्याकाठच्या गोलकीपरनंही मान डोलावली. मग दहा मिनिटं उरली असताना ती गोष्ट घडली. तळ्याकाठच्या पोरानं जवळून जोरात चेंडू मारला आणि तो पेनल्टीच्या चौकोनात बंदरपाड्याच्या बॅकवर आदळला. अर्धं मैदान "हँड, हँड" करत उभं राहिलं.

मी पाच पावलांवर होतो. चेंडू छातीला लागला होता. बनियनवर मातीचा गोल शिक्कासुद्धा उठला होता. मी हातानं खूण केली: खेळ चालू.

दर वर्षी याच क्षणी दगड येतात, असं सुधीररावांनी मला सांगून ठेवलं होतं. लोकांनी ओरडण्यासाठी तोंडं उघडली आणि नानांकडं वळून पाहिलं. नाना त्याच पोस्टच्या मागं उभे होते. या रेफ्रीला त्यांनीच सरळ ठरवलं होतं, आता काय बोलणार. त्यांनी हात वर केला. "रेफ्रीनं पाहिलं आहे," एवढंच म्हणाले. सगळे खाली बसले.

एक-शून्य. मी शेवटची शिट्टी वाजवली आणि कोणी काही बोललं नाही. आठ वर्षांत हरलेल्या बाजूकडून मला इतका मान मिळाला नव्हता, आणि इतकं वाईटही कधी वाटलं नव्हतं.

नाना विहिरीकडं गेले आणि पहार घेऊन आले. पोस्टच्या बुडाशी त्यांनी पहिला घाव घातला. कोणी अडवलं नाही, शब्द दिलेला होता. चुन्याचे पोपडे त्यांच्या सदऱ्यावर उडत होते. बंदरपाड्याचा बँड वाजत होता तो एकेक वाद्य गळत थांबला, शेवटी ढोलही थांबला. पास्कू कप खांद्यावर घेऊन नाचत होता. तो उभा राहिला, पोस्टकडं बघितलं, मग कपकडं बघितलं.

"आनि फुडल्या वर्साला आमी खेळायचं कुठं?" तो आपल्या कॅप्टनला म्हणाला.

दोघं कुजबुजले. मग पास्कू सरळ माझ्यापुढं आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मास्तर, तो हँड होता."

"छातीला लागला," मी म्हणालो.

"हाताला लागला. आमचा पोरगाच सांगतो." त्यानं बॅकला पुढं ढकललं. तो जमिनीकडं बघत उजवा हात वर करून म्हणाला, "लागला." बनियनवरचा मातीचा शिक्का त्यानं डाव्या हातानं झाकला होता.

जिंकलेल्या संघानं रेफ्रीवर पक्षपाताचा आरोप केल्याचं मी कुठं ऐकलं नव्हतं. सगळं मैदान माझ्याकडं बघू लागलं. फक्त नाना बघत नव्हते. पहार हातात तशीच, पाठ माझ्याकडं, आणि त्या पातळ सदऱ्यातून खांदे वरखाली होताना दिसत होते. मी सरळ होतो हे मला माहीत होतं. ते मी गिळलं. बोंबलासारखं ते सहज उतरलं नाही.

"होता," मी म्हणालो. "मी पाहिला. दिला नाही."

नाना वळले. "का?"

गर्दीतून कोणीतरी मदतीला आलं. "त्याची बहीण विरारच्या बाजारात मासळी कोणाकडून घेते ते विचारा."

सुधीररावांना विचारलं गेलं. "बंदरपाड्याच्या मावशीकडून," तो प्रामाणिक माणूस म्हणाला. "बुधवारी आणि शुक्रवारी."

तेवढं पुरलं. अकरा वर्षांची सवय एकदम मोकळी झाली. नानांनी पहार फेकून दिली आणि लाउडस्पीकर धरला. "सदर रेफ्री पक्षपाती आहे. त्यानं बंदरपाड्याकडून विकत घेतलेली मासळी खाल्लेली आहे. हा निकाल आम्हांला मान्य नाही, आणि पुढल्या मे महिन्यात याच मैदानावर आम्ही तो फिरवून दाखवू." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बँड पुन्हा सुरू झाला. पास्कू सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता, "आमाला असला कप नको," पण कप त्यानं काखेत घट्ट धरला होता. एक ओलं ढेकूळ माझ्या पाठीवर येऊन बसलं, मग गोळेवाल्याचा अर्धा गोळा आला. सुधीररावांनी कोणाची तरी स्कूटर मागून आणली आणि मला मागं बसवलं. सगळ्या मैदानात एकट्या काकू गप्प होत्या. विहिरीपाशी उभ्या राहून त्या माझ्याकडं बघत होत्या, आणि त्या नजरेपुढं मला ती चारही सुकेळी परत करावीशी वाटली.

सोमवार, पुन्हा फुलपाडा

माझी गाडी दुपारची होती. सकाळी नऊला दार वाजलं. नाना होते, तीन मजले चढून धापा टाकत, हातात पानात बांधलेलं पुडकं. शोभानं चहा दिला. त्यांनी तो अर्धा संपवला.

"काकू बोलतात का?" मी विचारलं.

"काल संध्याकाळपासून नाही. मुनवे तिनं गोलपोस्टच्या मागं ओळीनं लावून टाकलेत. पुढल्या वर्षी चेंडू केळीत जाणार." ते थोडे हसले. मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. "मास्तर, तो हँड नव्हता. मी पोस्टमागंच होतो. छातीला लागला."

"मग काल एवढं बोललात?"

"ते बोलावं लागतं." चष्मा पुसून झाला तरी त्यांनी तो डोळ्यांवर चढवला नाही. "अकरा वर्षं मी रेफ्रींना खोटारडे म्हणत आलो. त्यातला एकही खोटं बोलला नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होतं. खोटं बोललेले तुम्ही पहिले."

त्यांनी 'सदर' म्हटलं नाही, हे माझ्या लक्षात आलं. पुडकं माझ्या पिशवीत त्यांनीच नीट बसवलं, शोभाच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघाले.

मी बाल्कनीत येऊन उभा राहिलो. खाली टँकर लागला होता, बादल्यांची रांग होती, आणि रांगेच्या कडेला सायकलवर वांगी विकणारा निर्मळचा एक माळी नानांना ओळखून हसला. नानांनी स्कूटरला किक मारली, त्या माळ्याकडं एकदा पाहिलं, मग मान वर करून माझ्याकडं पाहिलं, आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात मला पक्षपाती, बेइमान आणि आंधळा म्हणून ते निघून गेले.